मांजराच्या पिल्लाला धाप लागली, दूध सुटलं तर काय करायचं

पिल्लू दुधाला तोंड लावत नाही म्हटलं की घरात सगळ्यांचा हात आधी वाटीकडे जातो. कुणी कापूस भिजवून तोंडात पिळतं, कुणी ड्रॉपरने घोट सोडतं. पिल्लाला नुसती भूक नसेल तर एखाद वेळ हे निभावून जातं. धाप लागलेली असताना मात्र हाच प्रकार जिवावर बेततो. श्वास घ्यायच्या धडपडीत पिल्लाला नीट गिळता येत नाही, दूध श्वासनलिकेत उतरतं आणि काल सर्दी असलेल्या पिल्लाला आज न्यूमोनिया होतो.

म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी श्वास, मग ऊब, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी दूध. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत. जन्मल्या दिवसापासून साधारण चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लांसाठी त्या चालतात.

एक गोष्ट आधीच. पिल्लू उसाच्या फडात सापडलं असेल तर ते घरी आणायच्या आधी नीट बघा. ऊसतोडीच्या दिवसांत रानमांजराची, कधी बिबट्याचीही पिल्लं फडात सापडतात. ही वन्यप्राण्यांची पिल्लं घरी ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यांची आई बहुतेक वेळा जवळच असते. शंका आली तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

१. हाताशी हवं ते सामान

यातलं बहुतेक सामान मेडिकलमध्ये किंवा घरातच मिळतं. पिल्लू आजारी पडल्यावर रात्री अकरा वाजता धावाधाव करण्यापेक्षा पिल्लू घरी आलं त्याच दिवशी हे एका डब्यात भरून ठेवा.

- १ मि.ली. आणि २ मि.ली.च्या सिरिंजा, सुई काढून
- डिजिटल थर्मामीटर (पिल्लासाठी वेगळा) आणि थोडं खोबरेल तेल
- स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा
- नॉर्मल सलाईनची छोटी बाटली, कापूस
- ग्लुकोज पावडर
- मांजराच्या पिल्लांचं मिल्क रिप्लेसर, म्हणजे आईच्या दुधाऐवजी पाजायचं तयार दूध. तालुक्याच्या गावी ते दुकानात असेलच असं नाही, त्यामुळे सातारा, कराड, सांगली किंवा मिरजेला गेलात की आणून ठेवा.
- रबरी गरम पाण्याची पिशवी किंवा जाड प्लास्टिकची बाटली, जुन्या सुती साडीचे तुकडे
- खोका किंवा झाकणाची बुट्टी
- एक वही

वहीत रोज वजन लिहायचं. जन्मताना पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅम असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅमने वाढतं. महिन्याचं पिल्लू साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅमच्या आसपास असावं. दूध सुटल्याचं घरच्यांच्या ध्यानात येतं त्याच्या आधीच वजन थांबलेलं असतं. एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा. वजन घटलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

२. श्वास बघा आणि मोजा

पिल्लू झोपलेलं असताना दोन हात लांब बसा. उचलू नका, गोंजारू नका. ते गुरगुरत असेल तर मोजणी चुकते, तेवढं थांबा. बरगडी एकदा वर आणि एकदा खाली म्हणजे एक श्वास. घड्याळ लावून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. झोपेतले श्वास मिनिटाला ४० च्या आत असावेत. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा ४० च्या वर आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

मोजतानाच मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पिल्लू घाबरलेलं असतं, तिथला श्वास घरच्यासारखा नसतो, आणि या व्हिडिओवरून डॉक्टरांना बरंच कळतं.

आता आवाज कुठून येतो ते ऐका. नाकातून सूं-सूं किंवा घुरघुर येतेय, शिंका आहेत, डोळे चिपडांनी चिकटलेत, पण छाती-पोट शांत हलतंय, तर ही बहुतेक मांजरांची सर्दी, म्हणजे ‘कॅट फ्लू’. हर्पिस आणि कॅलिसी या दोन विषाणूंमुळे तो प्रामुख्याने होतो. याउलट नाक कोरडं, आवाज काही नाही आणि पोट लोहाराच्या भात्यासारखं आत-बाहेर होतंय, तर दुखणं छातीत आहे. न्यूमोनिया, छातीत पाणी किंवा पू, पडल्यामुळे किंवा कुत्र्याने उचलल्यामुळे फाटलेलं श्वासपटल, यांपैकी काहीही असू शकतं. आवाज नसलेली धाप घरच्यांना कमी भीतीची वाटते. खरं तर तीच जास्त धोक्याची.

मग ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी म्हणजे ठीक. पांढरट फिक्या म्हणजे रक्त कमी, आणि लहान पिल्लात त्याचं नेहमीचं कारण म्हणजे पिसवा. अंगभर पिसवा असलेलं पाव किलोचं पिल्लू नुसत्या रक्त कमी झाल्याने धापा टाकतं आणि दूध सोडतं. बारीक दातांच्या फणीने अंग विंचरा आणि पडलेली काळी पूड ओल्या कापसावर घ्या. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा. निळसर-करड्या हिरड्या म्हणजे प्राणवायू पोचत नाही.

३. यांतलं एकही दिसलं तर बाकी सगळं सोडून निघा

तोंड उघडं ठेवून श्वास. मान पुढे ताणलेली, कोपरं अंगापासून दूर, आडवं व्हायला तयार नाही. निळ्या किंवा पांढऱ्याफट हिरड्या. हाक मारली तरी मान न उचलणं. तोंडातून लाळ आणि अंगाला थरथर.

लाळ-थरथरीबद्दल दोन शब्द. तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबागांवर फवारणी सतत चालू असते. फवारणीचा पंप, रिकामी डबडी, औषधाच्या हाताने टाकलेले कपडे घरात कोपऱ्यात असतात आणि पिल्लू नेमकं त्या कपड्यांत जाऊन झोपतं. मग अंग चाटताना औषध पोटात जातं. असं घडलं असेल तर औषधाच्या डब्याचा फोटो सोबत न्या. विष कोणतं हे कळलं की उपचार लगेच सुरू होतो.

किती तास उपाशी राहिलं तर घाबरायचं? दोन आठवड्यांच्या आतलं पिल्लू लागोपाठ दोन वेळा प्यायलं नाही तर थांबू नका. दोन महिन्यांच्या आतलं १२ तास, आणि त्याहून मोठं २४ तास उपाशी असेल तर दवाखाना. धाप आणि उपास दोन्ही एकत्र असतील तर तास मोजत बसायचं कारणच नाही.

४. ऊब द्या, पण हळूहळू

थंड पडलेल्या पिल्लाचं आतडं काम थांबवतं. अशा पोटात दूध गेलं की ते पचत नाही, आंबतं, पोट फुगतं, आणि फुगलेलं पोट छातीवर दाबून धाप आणखी वाढवतं. म्हणून आधी ताप मोजा. थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावा, शेपटी अलगद वर करून गुदद्वारातून जेमतेम एक सेंटीमीटर आत घाला आणि बीप होईपर्यंत धरा. जोरजोरात धाप लागलेल्या पिल्लाला मात्र या झटापटीत पाडू नका.

पहिल्या आठवड्यात ९५ ते ९९ अंश फॅरेनहाइट, महिन्याच्या सुमारास ९९ ते १०१, आणि पुढे १००.५ ते १०२.५ हे नेहमीचे आकडे. ९५ च्या खाली असेल, किंवा थर्मामीटर नुसतं ‘लो’ दाखवत असेल, तर दुधाचा थेंबही देऊ नका.

पिशवीत हाताला सोसवेल इतकं गरम पाणी भरा, दोन पदरी कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा. अर्धा भाग गार राहिला पाहिजे, म्हणजे नको झालं तर पिल्लाला सरकता येतं. एक ते दोन तासांत ताप हळूहळू वर यावा. गरम पाण्यात बुडवणं, हेअर ड्रायरचा झोत मारणं, तव्यावर कापड तापवून शेकणं यांतलं काही करू नका. कातडी भाजते आणि एकदम आलेली उष्णता हृदयाला झेपत नाही. कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा पिवळा बल्ब चालतो, पण पिल्लाच्या उंचीवर आपल्या हाताची पाठ पाच मिनिटं धरून बघा. चटका जाणवला तर बल्ब वर घ्या.

वाई, जावळी, महाबळेश्वराकडे थंडीत फरशीचा गारवा खोक्यातून वर येतो. खाली पोतं आणि वाकळेची घडी घाला. चुलीजवळ मात्र ठेवू नका. धुराने सुजलेलं नाक आणखी बंद होतं. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल याच कारणाने बंद. आसपास पाचट पेटवलं असेल किंवा गुऱ्हाळ चालू असेल तर त्या बाजूची खिडकी लावून घ्या.

उन्हाळ्यात उलटं होतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी पिल्लू उष्णतेनेच धापा टाकतं. ताप १०४ च्या पुढे असेल तर गार जागी न्या, पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओले करा आणि दवाखान्याला निघा. बर्फ नको.

५. नाक आणि डोळे मोकळे करा

सर्दीत पिल्लू खाणं सोडतं त्याचं मोठं कारण वास. मांजर वासावर खातं, नाक बंद झालं की पुढ्यातलं अन्न त्याला अन्नच वाटत नाही. कॅलिसीमध्ये तर जिभेवर फोड येतात, मग भूक असूनही तोंड मिटून घेतं आणि लाळ गळते. अशा वेळी “हट्ट करतंय” म्हणून ओरडू नका, बिचाऱ्याला गिळताना आग होत असते.

नाकाची खपली ओढून काढायची नसते, खालची कातडी सोलते. कापूस कोमट सलाईनमध्ये भिजवा, किंचित पिळा आणि नाकावर मिनिटभर नुसता टेकवून धरा. खपली मऊ होऊन फुगते, मग नाकपुडीकडून बाहेरच्या दिशेने एकदाच पुसा. कापूस बदला, पुन्हा धरा. दोन-तीन वेळा केलं की नाकपुडीचं बारीक भोक दिसायला लागतं आणि तिथे शेंबडाचा बुडबुडा हलतो. नाक मोकळं झाल्याची ही खूण. आता प्रत्येक नाकपुडीत सलाईनचा एकेक थेंब सोडा. पिल्लू शिंकेल, शिंकू द्या.

डोळ्यांना प्रत्येकी वेगळा कापूस. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब घालू नका. माणसांच्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं, आणि हर्पिसमुळे बुबुळावर जखम असेल तर त्याने डोळा जातो.

वाफेसाठी न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादल्या भरा, दार लावा आणि पिल्लाला मांडीवर घेऊन १० मिनिटं बसा. पाणी पिल्लापासून लांब असावं. घरात नेब्युलायझर असेल तर ३ मि.ली. नुसतं सलाईन घालून खोक्यात धुकं सोडा. बादलीत किंवा नेब्युलायझरमध्ये व्हिक्स, कापूर, निलगिरी, ओवा, अमृतधारा यांतलं काहीही टाकायचं नाही. कापूर आणि निलगिरीचं तेल मांजरांना विषासारखं असतं. तोंड उघडून श्वास घेणाऱ्या पिल्लाला वाफही नको, त्याला प्राणवायूच हवा.

६. पाणी आणि साखर

लहान पिल्लाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते. गडद पिवळी झाली, हिरड्या बोटाला चिकट लागल्या, की अंगातलं पाणी कमी झालं. पिल्लू गरम आहे, श्वास शांत आहे आणि ते गिळतंय, तर पाव कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा ग्लुकोज विरघळवा आणि दर १५–२० मिनिटांनी अर्धा ते एक मि.ली. द्या. पिल्लू लुळं पडलं असेल तर तोंडात काही ओतू नका. ग्लुकोजचं दाट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा आणि निघा. दवाखान्यात कातडीखाली सलाईन देतात, पिल्लांना त्याने चांगला फरक पडतो.

७. आता दूध, आता खाणं

पिल्लाला पोटावर ठेवा, आईला पिताना असतं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध हमखास फुप्फुसात. सिरिंजचं टोक ओठाच्या कडेने आत घ्या आणि एक थेंब सोडा. जीभ हलली, गळा हलला, की मग दुसरा. दट्ट्या दाबत राहू नका. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं किंचित खाली करा आणि नाक पुसा. दर वेळी नाकातून दूध येत असेल तर तोंड उघडून टाळू बघा, काही पिल्लांची टाळू जन्मतःच फाटलेली असते.

एका वेळचं प्रमाण १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मि.ली. म्हणजे २०० ग्रॅमच्या पिल्लाला ८ मि.ली. आजारी पिल्लाला सुरुवातीला याच्या निम्मं, पण जास्त वेळा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. तिसऱ्या आठवड्यात दर चार-पाच तासांनी. दूध मनगटावर टाकलं तर ना गार ना गरम लागावं.

गाई-म्हशीचं दूध पिल्लांना झेपत नाही. त्यातली दुधाची साखर पचत नाही, जुलाब लागतात, आणि आधीच सुकलेलं पिल्लू त्यात जातं. रिप्लेसर येईपर्यंत एक-दोन वेळ शेळीचं दूध चालवून घेता येतं, पण त्यावर पिल्लू वाढणार नाही. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला प्रत्येक दुधाआधी आणि नंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही, पोट तट्ट होतं, आणि आपण म्हणतो भूक नाही.

महिन्याच्या पुढच्या पिल्लाला चिकन नुसत्या पाण्यात शिजवा, वाटून लापशीसारखं करा, कोमट करून द्या. कोमट अन्नाचा वास पसरतो. मीठ नको, आणि घरच्या रश्शाचा थेंबही नको. आपल्याकडे रस्सा म्हणजे कांदा-लसूण चटणी आलीच, आणि कांदा-लसणाने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. नाकाला किंचित ही लापशी लावा, चाटून चव कळली की कधी कधी स्वतःहून खायला लागतं. दोनदा तोंड फिरवलं तर जबरदस्ती नको.

८. दवाखाना कुठला, न्यायचं कसं, सांगायचं काय

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तालुक्यांना आणि मोठ्या गावांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. सातारा, कराड, सांगली, मिरज इथे खासगी पाळीव प्राण्यांचे दवाखानेही आहेत. खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथे उपचारही होतात. वाई-खंडाळा भागातून ते जवळ पडतं. सांगली-जतहून धाप लागलेलं पिल्लू तिथवर नेऊ नका, वाटेतच दगावेल. आधी जवळच्या डॉक्टरांकडून त्याला स्थिर करून घ्या. १९६२ या फोन क्रमांकावर बोलावता येणारी पशुवैद्यकीय फिरती पथकं मुख्यतः गाई-गुरांसाठी आहेत, त्यांची वाट बघत घरी थांबू नका.

गावातले डॉक्टर बऱ्याचदा गोठ्यांवर व्हिजिटला गेलेले असतात, म्हणून निघायच्या आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: लहान मांजर बघता का, प्राणवायू आहे का, एक्स-रे जवळ कुठे होतो. प्राणवायू असेल तिथेच आधी जा. पावसाळ्यात कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी पुराच्या आधीच दोन दवाखान्यांचे नंबर लिहून ठेवावेत, एक नदीच्या या बाजूचा आणि एक पलीकडचा. २०१९ आणि २०२१ मध्ये रस्ते कसे बंद झाले ते सांगलीकरांना सांगायला नको.

खोक्याला चारी बाजूंनी भोकं पाडा, आत ऊब ठेवा, वरून कापड टाका. मोटारसायकलवर जॅकेटच्या आत कोंबून नेऊ नका, छाती दाबली जाते. वाटेत पाजू नका.

सोबत न्या: वजनाची वही, व्हिडिओ, लसीचं कार्ड असेल तर ते, आणि आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचं वेष्टन. मेडिकलवाल्याने दिलेली गोळीही लपवू नका. फार धाप असेल तर डॉक्टर आधी प्राणवायू देऊन थांबतील, एक्स-रे नंतर काढतील. ते बरोबरच आहे, घाई करायला लावू नका.

९. औषधं

पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. क्रोसिन, कॅल्पॉल, लहान मुलांचं तापाचं सिरप, कुठल्याच रूपात नाही. ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेते, पिल्लाला तर तिचा तुकडाही पुरतो. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी होतात, धाप वाढते. आयब्रुफेन आणि अ‍ॅस्पिरिनही नको.

कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या औषधात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, तेही मांजराला घातक. लहान पिल्लाच्या पिसवा फणीने काढा, बाकीचं डॉक्टरांना विचारून.

अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही, सर्दीवर चढलेल्या जंतूंसाठी ते असतं. म्हणून दोन दिवसांत बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. डॉक्सीसायक्लिनची गोळी दिली असेल तर ती कधीच कोरडी देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकून जखम करते, आणि बऱ्या झालेल्या पिल्लाला पुन्हा गिळता येत नाही. गोळीनंतर सिरिंजने थेंबथेंब २–३ मि.ली. पाणी द्या, किंवा मागोमाग चार घास खायला घाला.

१०. बाकीची पिल्लं आणि लस

आजारी पिल्लू किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. आधी निरोगी पिल्लांचं खाणं-पिणं उरका, शेवटी आजाऱ्याकडे जा, मग हात साबणाने धुवा आणि कपडे बदला. फरशीला फिनेल लावू नका. मांजर पंजे चाटतं आणि ते पोटात जातं. साधं ब्लीच एक भाग आणि पाणी ३० भाग असं मिसळा, १० मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसून वाळवा. पिल्लू तोवर दुसरीकडे ठेवा.

उलट्या, जुलाब आणि पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणं अशी लक्षणं असतील तर तो पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो. त्यात तास वाया घालवू नका, आणि घरात तो होऊन गेला असेल तर लस पूर्ण न झालेलं नवीन पिल्लू वर्षभर आणू नका.

लस सहा ते आठ आठवड्यांपासून: सर्दीचे दोन्ही विषाणू आणि पॅनल्यूकोपेनिया मिळून एकच, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. आजारी असताना लस देत नाहीत, म्हणून पिल्लू नीट खायला लागून वजन वाढू लागलं की तारीख विचारून घ्या. पाजताना रस्त्यावरच्या पिल्लाचा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा.

बरं झालेल्या पिल्लाचं वजन पुढचे दोन आठवडे रोज लिहीत राहा. हर्पिस अंगात दबून राहतो आणि थंडीत, घर बदललं की, किंवा नवीन मांजर आलं की पुन्हा शिंका सुरू होतात. तेव्हा पुन्हा दुसऱ्या पायरीपासून, घड्याळ लावून.